नाशिकची मोटार रॅली आणि तिच्यामागचा राष्ट्रीय क्लब

नाशिक परिसरात राष्ट्रीय मालिकेतील मोटार रॅली भरते, तेव्हा बघ्यांची नजर धुरळा उडवत जाणाऱ्या गाड्यांवर खिळलेली असते. एरवी बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चालतात तो रस्ता काही तास बंद करून त्यावर भरधाव गाडी हाकण्याची मुभा नेमकी कोण देते, याचा विचार फारसा कोणी करत नाही. ही मुभा देणाऱ्या संस्थांची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात सुरू झालेल्या मोटार क्लबांपर्यंत मागे जाते, आणि रॅली हा खेळ वेगवान चालकांनी जितका घडवला तितकाच या क्लबांनी घडवला.

फ्रान्समध्ये 1894 साली पॅरिस ते रुआँ ही मोटारींची पहिली मोठी चाचणी झाली आणि पुढच्याच वर्षी तेथील राष्ट्रीय ऑटोमोबाइल क्लब स्थापन झाला. सुरुवातीच्या शर्यती उघड्या रस्त्यांवर, गावागावांतून आणि गर्दीच्या अगदी अंगावरून जात असत. त्याचा परिणाम 1903 च्या मे महिन्यात दिसला. पॅरिस ते माद्रिद या शर्यतीत चालक आणि प्रेक्षक असे अनेक जण मृत्युमुखी पडल्याने सरकारला ती बोर्दो येथे थांबवावी लागली. 20 जून 1904 रोजी विविध देशांच्या क्लबांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना उभारली; तीच दुसऱ्या महायुद्धानंतर ‘एफआयए’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मोटार क्रीडेसाठी प्रत्येक देशात एकाच संस्थेला अधिकृत मानायचे, हे तत्त्व या संघटनेच्या छत्राखाली रुजले. भारतातील पुढच्या वादांचे मूळही याच तत्त्वात आहे.

रॅली या प्रकाराला नाव मिळवून दिले ते 1911 च्या मोंटे कार्लो रॅलीने. युरोपातील निरनिराळ्या शहरांतून निघून स्पर्धकांनी ऐन जानेवारीच्या थंडीत मोनॅकोला पोहोचायचे होते. गुण देताना गाडीचा डौल, आतली सोय आणि पोहोचल्यावरची तिची अवस्थाही परीक्षक पाहत, त्यामुळे निकालावरून नाराजी झाली यात नवल नाही. तरीही गाडीने गाडीला गाठण्याऐवजी प्रत्येकाने घड्याळाशी झुंजायचे, हा रॅलीचा गाभा पुढे टिकून राहिला.

भारतात मोटार संघटनांचा उगम खेळातून झाला नाही. 1904 मध्ये कोलकात्यात आणि 1919 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या संघटना मुख्यतः गाडीमालकांच्या सोयीसाठी होत्या. मुंबईची ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ सभासदांना वाटेत बिघाड झाल्यास मदत पुरवणे, परदेशी गाडी नेण्यासाठी लागणारी कागदपत्रे देणे अशी कामे करत आली आहे. शर्यतींचा हौशी व्याप त्यानंतर वेगळ्या क्लबांनी उचलला. त्यांत 1953 पासून कार्यरत असलेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबाचे नाव प्रथम घ्यावे लागते.

आंतरराष्ट्रीय रॅलीचे वारे नाशिकच्या वेशीवरून वाहिले ते 1968 मध्ये. त्या वर्षी 24 नोव्हेंबरला लंडनहून सिडनीकडे निघालेल्या मॅरेथॉन रॅलीच्या 98 गाड्यांपैकी ज्या टिकल्या, त्या काबूल आणि खैबर खिंड ओलांडून दिल्लीला पोहोचल्या व तेथून इंदूरमार्गे मुंबईला आल्या. इंदूरहून मुंबई गाठायची तर धुळे, मालेगाव, नाशिक आणि कसारा घाट हाच आग्रा रस्त्याचा सरळ मार्ग. मुंबईला बोटीवर चढून या गाड्या ऑस्ट्रेलियाला गेल्या आणि अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरने बाजी मारली. देशातील मोटार क्रीडेला मात्र तोवर एकछत्री नियंत्रण नव्हते.

ती उणीव 1971 मध्ये भरून निघाली. देशातील प्रमुख क्लबांनी मिळून ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. स्वतः रॅली भरवण्यापेक्षा स्थानिक क्लबांना परवाना देणे, नियमावली ठरवणे आणि निरीक्षक पाठवणे हे तिचे काम. म्हणून राष्ट्रीय संस्था रॅली ‘भरवते’ असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. 1980 मध्ये नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली सुरू झाली, तिने परदेशी चालक भारतात आणले. 1988 पासून राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिका सुरू झाली आणि मारुती जिप्सी ही या खेळाची जणू घरचीच गाडी झाली. पुढे हुसेन यांच्याच नेतृत्वाखालील ‘मोटरस्पोर्ट्स असोसिएशन ऑफ इंडिया’कडे काही काळ एफआयएची मान्यता गेली आणि नंतर ती पुन्हा फेडरेशनकडे परतली. या ओढाताणीत चालकांचे नुकसान झाले असे माझे मत आहे, कारण परवाना कोणाचा ग्राह्य हाच प्रश्न असेल तर प्रायोजक दूर राहतात. त्यातच 2003 च्या कायद्याने तंबाखू कंपन्यांच्या प्रायोजकत्वावर बंदी आली. सिगारेटच्या नावांनी होणाऱ्या रॅलींचा तो काळ संपला आणि टायर व वाहन कंपन्यांचे महत्त्व वाढले.

नाशिकचा संबंध इथे घट्ट होतो. सातपूर आणि अंबड येथे वाहनउद्योग फार पूर्वीपासून रुजलेला आहे आणि शहराबाहेर पडताच मुरमाचे, वळणावळणाचे रस्ते सापडतात. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही राष्ट्रीय मालिकेतील फेरी या परिसरात झाली आहे आणि दुचाकींच्या रॅलीही येथे होत आल्या आहेत.

प्रत्यक्षात स्पर्धकाच्या हाती असते टाइम कार्ड, म्हणजे वाटेतल्या चौक्यांवर वेळ नोंदवण्याचे पत्रक. स्पेशल स्टेजवर, म्हणजे रहदारी बंद करून वेळ मोजला जातो त्या टप्प्यावर, गाड्या ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. दोन स्टेजमधला प्रवास मात्र सर्वसामान्य वाहतुकीत, वाहतुकीचे नियम पाळूनच करायचा असतो. आंतरराष्ट्रीय नियमांत नियंत्रण चौकीवर उशिरा पोहोचल्यास मिनिटामागे 10 सेकंदांचा दंड आहे, तर लवकर पोहोचल्यास मिनिटामागे पूर्ण 60 सेकंदांचा. चौकीच्या अलीकडे गाडी उभी करून सहचालक घड्याळाकडे डोळे लावून बसलेला दिसतो तो याचमुळे. गाडीत एका बाजूला ‘ओके’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एसओएस’ लिहिलेला फलक असतो. अपघातग्रस्त गाडीतून ‘एसओएस’ दाखवला गेला, तर मागून येणाऱ्याने स्वतःची वेळ सोडून थांबलेच पाहिजे.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 189 नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे वा तीत भाग घेणे गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मालिकेच्या फेरीत स्पर्धेसाठी राखलेल्या रस्त्यावर दुचाकी आली आणि धडकेत तिच्यावरील तिघांचा जीव गेला. शेतात जाणारी पायवाट, वस्तीवरचा फाटा, बांधावरून येणारी चाकोरी यांपैकी एकही उघडी राहिली तर कागदावरच्या परवान्याला अर्थ उरत नाही. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात तर पावलोपावली असे फाटे आहेत, आणि स्पर्धेच्या दिवशी त्या प्रत्येकावर मार्शल, म्हणजे रस्ता अडवून धरणारा पहारेकरी, उभा करणे ही परवाना घेणाऱ्या स्थानिक क्लबाची जबाबदारी ठरते.