रिपब्लिकन म्हणजे गर्भपातविरोधीच?

अमेरिकेतला मतदार रिपब्लिकन असला की गर्भपाताच्या विरोधात, डेमोक्रॅट असला की बाजूने, हे समीकरण आपल्याकडे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. नेत्यांपुरतं ते आज बरंचसं खरं आहे. मतदारांपुरतं नाही.

मिसुरी राज्य घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे ट्रम्प यांना सुमारे ५८ टक्के मतं पडली. त्याच दिवशी गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेत घालण्याचा प्रस्तावही जवळपास ५२ टक्क्यांनी मंजूर झाला. बेरीज शंभरावर जाते! म्हणजे साधारण दहातल्या एकाने तरी दोन्हीकडे शिक्का मारला. माझ्या मते यात गोंधळ नाही. प्रश्न वेगळा विचारला, म्हणून उत्तरही वेगळं मिळालं. उमेदवार निवडताना महागाई, स्थलांतर, पक्ष असं सगळं गाठोडं एकत्र उचलावं लागतं.

उलट उदाहरण लुइझियानाचं. तिथले तेव्हाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी २०१९ मध्ये कडक गर्भपातबंदीवर सही केली आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले.

आणि गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा तो गाजलेला ‘रो विरुद्ध वेड’ निकाल? हक्क मान्य करणाऱ्या सात न्यायमूर्तींपैकी पाच रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते.