काम एक, एन्झाइम दोन: डिहायड्रोक्विनेज टाइप वन आणि टाइप टू

एन्झाइमांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ईसी ४.२.१.१० या क्रमांकासमोर एकच नाव सापडतं: ३-डिहायड्रोक्विनेट डिहायड्रेटेज, थोडक्यात डिहायड्रोक्विनेज. गोम अशी की ईसी क्रमांक अभिक्रियेला मिळतो, प्रथिनाला नाही. त्यामुळे या एका नावाखाली दोन एन्झाइम नांदतात, टाइप वन आणि टाइप टू, आणि त्यांचं एकमेकांशी दूरचंही नातं दिसत नाही. अमिनो आम्लांचा क्रम जुळत नाही, घडी (प्रथिनाच्या साखळीचा त्रिमितीय आकार) जुळत नाही, रासायनिक युक्तीसुद्धा जुळत नाही. आत जातो तो रेणू आणि बाहेर पडतो तो रेणू, एवढंच काय ते समान.

दोघांचं मुख्य काम शिकिमेट मार्गातलं. जिवाणू, बुरशी आणि वनस्पती फिनाइलअॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं स्वतः बनवतात ती याच सात पायऱ्यांच्या मार्गाने. माणसाकडे हा मार्ग नाही, म्हणून त्याच्यावर औषधवाल्यांचा डोळा. (ग्लायफोसेट हे तणनाशक याच मार्गाची सहावी पायरी अडवतं.) डिहायड्रोक्विनेजची पायरी तिसरी: डिहायड्रोक्विनेटमधून पाण्याचा एक रेणू काढायचा. वलयाच्या पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट जातो, दुसऱ्या कार्बनवरचा एक हायड्रोजन जातो, आणि त्या दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध तयार होतो. कागदावर एका ओळीत मावणारी गोष्ट.

१९९९ साली दोन्ही प्रकारांच्या स्फटिकरचना (स्फटिकावर क्ष-किरण टाकून मिळवलेली अणूंची मांडणी) एकाच शोधनिबंधात आल्या. टाइप वन होता विषमज्वराच्या साल्मोनेला टायफीचा, टाइप टू क्षयाच्या मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसचा. टाइप वनची घडी ओळखीची निघाली: मध्ये आठ बीटा पट्ट्यांचं पिंप, भोवती आठ अल्फा सर्पिलं, आणि अशा दोन उपघटकांची, म्हणजे प्रथिनाच्या साखळ्यांची, जोडी. टाइप टूचा उपघटक बराच लहान, साधारण १६ किलोडाल्टनचा. मधोमध पाच समांतर बीटा पट्ट्यांचा पडदा आणि दोन्ही अंगांना सर्पिलं, म्हणजे फ्लॅव्होडॉक्सिनसारखी घडी. पण हे उपघटक तीन-तीनच्या चार टोळ्या करून बाराचा गोळा बांधतात. ही गर्दी उगीच नाही. क्षयाच्या एन्झाइममध्ये प्रत्येक सक्रिय जागेत (जिथे अभिक्रिया घडते) शेजारच्या उपघटकाचं ८८ क्रमांकाचं अमिनो आम्ल, अॅस्पार्टेट, डोकावतं, तेव्हा कुठे ती जागा पुरी होते.

खरी मजा यंत्रणेत आहे.

टाइप वन सबस्ट्रेटला (ज्या रेणूवर काम करायचं त्याला, इथे डिहायड्रोक्विनेटला) आधी बांधून घालतो. ई. कोलायमधल्या क्रमांकाने सांगायचं तर १७० व्या जागेवरचं लायसिन डिहायड्रोक्विनेटच्या कीटोन गटावर हल्ला करतं आणि शिफ बेस तयार होतो, म्हणजे एन्झाइम आणि सबस्ट्रेट यांच्यात चक्क सहसंयुज बंध. हा बंध इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्यामुळे शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल पडतो. १४३ वं हिस्टिडिन तो उचलतं आणि पुढे हायड्रॉक्सिल गटाला पाणी होऊन निघून जायलाही मदत करतं. शेवटी शिफ बेसचं जलविघटन होऊन लायसिन मोकळं होतं.

टाइप टूला असला बंध लागत नाही. क्षयाच्या एन्झाइममध्ये १९ वं आर्जिनिन शेजारी असल्यामुळे २४ वं टायरोसिन आपला प्रोटॉन सहज सोडून बसतं. ते ऋणभारित टायरोसिन सबस्ट्रेटचा हायड्रोजन ओढतं. मध्ये क्षणभर एनोलेट, म्हणजे सबस्ट्रेटचं ऋणभारित रूप, तयार होतं. त्याचा भार सांभाळतो एक पाण्याचा रेणू, आणि त्या रेणूला जागच्या जागी धरून ठेवतं १२ वं अॅस्पॅराजिन. मग १०१ वं हिस्टिडिन हायड्रॉक्सिलला प्रोटॉन देऊन पाणी बाहेर काढतं.

आता बारकाईने बघा: दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन दोन आहेत (नावं प्रो-आर आणि प्रो-एस), आणि दोन्ही एन्झाइम तोच एक उचलत नाहीत. टाइप वन प्रो-आर उचलतो, म्हणजे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल वलयाच्या एकाच बाजूने जातात. टाइप टू प्रो-एस उचलतो आणि दोघं विरुद्ध बाजूंनी जातात. प्रो-एस हा जास्त आम्लधर्मी, त्यामुळे रसायनशास्त्राच्या दृष्टीने टाइप टूने सोपी वाट धरली म्हणायची. उत्पादन दोन्हीकडे तेच असल्याने नुसतं उत्पादन मोजून हा फरक कळत नाही. त्यासाठी ठरावीक हायड्रोजनच्या जागी त्याचा जड समस्थानिक बसवून तो राहिला की गेला हे बघावं लागतं.

स्फटिकरचना मिळाली म्हणजे यंत्रणा कळली असं समजणाऱ्यांनी टाइप टूची गोष्ट लक्षात ठेवावी. वर सांगितलेलं आर्जिनिन आणि टायरोसिन एका लवचिक वळणावर बसतात. सक्रिय जागेवरचं झाकणच ते. क्षयाच्या एन्झाइमच्या पहिल्या रचनेत हे वळण इतकं हलतं होतं की क्ष-किरणांतून मिळालेल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशात ते दिसलंच नाही. म्हणजे ज्या अमिनो आम्लांवर सगळी मदार, तेच चित्रातून गायब! स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जिवाणूच्या टाइप टूमध्ये हीच जोडी २३ आणि २८ क्रमांकांवर आहे, आणि ती महत्त्वाची असल्याचा सुगावा रासायनिक फेरबदलांच्या प्रयोगांतून आधीच लागला होता. पुढे २००२ साली त्याच एन्झाइमची रचना एका इनहिबिटरसह (एन्झाइमला अडवणाऱ्या रेणूसह) सुटली आणि झाकण बंद झालेलं दिसलं. तो इनहिबिटर म्हणजे २,३-अॅनहायड्रोक्विनेट. त्याचं वलय एनोलेटसारखंच एका भागात सपाट असतं, म्हणून टाइप टू त्याला घट्ट धरतो. टाइप वन मात्र त्याला फारशी दाद देत नाही.

प्रयोगशाळेत दोघांना ओळखायचं तर सबस्ट्रेट घालून सोडियम बोरोहायड्राइड टाका. टाइप वनचा शिफ बेस क्षपण होऊन कायमचा अडकतो आणि एन्झाइम बाद होतो. टाइप टूवर काही परिणाम नाही, कारण अडकायला तिथे शिफ बेसच नाही. साल्मोनेलाच्या त्या १९९९ च्या रचनेतही रेणू याच रीतीने लायसिनला डकवलेला होता. दुसरी खूण उष्णतेची: टाइप टू तापवलेलं बरंच सोसतो, टाइप वन लवकर मोडतो.

कुठला एन्झाइम कुणाकडे, याला सरळ नियम नाही. ई. कोलाय आणि साल्मोनेलाकडे टाइप वन, क्षयाचा जिवाणू आणि हेलिकोबॅक्टर पायलोरीकडे टाइप टू. अॅस्परजिलस निड्युलन्स या बुरशीकडे तर दोन्ही: अमिनो आम्लं बनवायला पाच कामं करणाऱ्या एका लांबलचक प्रथिनाचा भाग म्हणून टाइप वन, आणि क्विनेट खाऊन पचवायला वेगळा टाइप टू.

डेटाबेसमध्ये शोधताना एक खड्डा हमखास लागतो. ई. कोलायमध्ये टाइप वनच्या जनुकाचं नाव अॅरो-डी, तर टाइप टूचं जनुक बहुतेक ठिकाणी अॅरो-क्यू. पण क्षयाच्या जीनोममध्ये आरव्ही२५३७सी या जनुकावर अॅरो-डी अशी पाटी आहे, आणि त्याचं प्रथिन आहे टाइप टू. ती पाटी वाचून कुणी ई. कोलायची रचना साचा म्हणून घेतली आणि संगणकावर क्षयाच्या औषधासाठी रेणू बसवायला लागला, तर ज्या लायसिनभोवती तो रेणू घडवेल ते क्षयाच्या एन्झाइममध्ये नाहीच.