पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट

गेल्या वर्षी बाबांच्या लायसन्सचं नूतनीकरण केलं. वय ७१. त्यासाठी 'फॉर्म १-अ' लागतो, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. त्यात एक प्रश्न आहे: चांगल्या उजेडात पंचवीस मीटर अंतरावरून मोटारीची नंबर प्लेट वाचता येते का? डॉक्टरांनी मान वर न करता 'होय' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. दोन महिन्यांनी रात्री घाट उतरताना समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले आणि बाबांनी गाडी होती तिथेच थांबवली. "काहीच दिसत नाहीये रे," म्हणाले. मी शेजारी बसलो होतो. मागून कोणी येत नव्हतं म्हणून वाचलो. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

चालकांची ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा घ्यावी का, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५ हजारांहून जास्त महाराष्ट्रात. आणि अठराव्या वर्षी खासगी गाडीचं लायसन्स काढलेल्याला आजच्या कायद्याप्रमाणे थेट चाळिशीपर्यंत कोणी काही विचारत नाही. बावीस वर्षं! मग घ्या ना परीक्षा, दर पाच वर्षांनी, सगळ्यांची, असं मलाही आधी वाटलं होतं.

पण आरटीओच्या मैदानावर मोजलं जातं काय? आठचा आकडा, रिव्हर्स, चढावर गाडी मागे न घसरू देणं. म्हणजे गाडी चालवता येते का, एवढंच. रस्त्यावर मात्र प्रश्न असतो तो माणूस गाडी कशी चालवतो याचा. अमेरिकेत १९७४ साली एक अभ्यास झाला. शर्यतीत गाड्या पळवणाऱ्या परवानाधारक चालकांची रोजच्या रस्त्यावरची नोंद इतरांच्या नोंदीशी ताडून पाहिली. कौशल्यात त्यांचा हात कोण धरणार? तरीही त्यांच्या नावावर नियमभंग जास्त होते आणि अपघातही जास्त होते. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली चालकांच्या वागण्याची विभागणी केली: विसरभोळेपणा, चुका आणि जाणूनबुजून केलेले नियमभंग. पुढच्या अभ्यासांत अपघातांशी सर्वांत घट्ट नातं दिसलं ते या तिसऱ्या प्रकाराचं. आणि शेजारी परीक्षक बसलेला असताना सिग्नल तोडणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

लायसन्स मिळाल्यानंतर दिलेल्या शिक्षणाचंही तेच. अशा २४ शास्त्रीय चाचण्यांचा, तीन लाखांहून अधिक चालकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्या शिक्षणाने अपघात कमी होतात याचा पुरावा सापडला नाही.

आपल्याकडे तर पहिल्या परीक्षेपासूनच अडचण आहे. दिल्लीत २००४-०५ मध्ये अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने लायसन्स काढायला निघालेल्या ८२२ जणांचा माग ठेवला. ज्यांना लायसन्स मिळालं त्यांतल्या सुमारे ७१ टक्के लोकांनी आरटीओची परीक्षा दिलीच नव्हती. संशोधकांनी स्वतंत्रपणे अचानक परीक्षा घेतली, तेव्हा ६२ टक्के गाडी चालवायला अपात्र ठरले. एजंटच्या हातून पहिली परीक्षा जशी 'पार पडते', तशीच दुसरीही पडेल, ही माझी खरी भीती आहे.

बरं, फक्त म्हाताऱ्यांची परीक्षा घेतली तर? ते करून पाहिलेले देश आहेत. फिनलंडमध्ये सत्तरीनंतर वैद्यकीय तपासणी सक्तीची होती, शेजारच्या स्वीडनमध्ये नव्हती. तुलना केली तर फिनलंडचे वृद्ध चालक अधिक सुरक्षित निघाले नाहीत. उलट तिथे पायी चालणारे वृद्ध जास्त मरत होते. डेन्मार्कने २००६ साली सत्तरीपुढच्यांसाठी स्मरणशक्ती आणि आकलनाची छोटी चाचणी आणली, तिथेही हेच घडलं. जपानने २०१७ साली पंचाहत्तरीपुढची तपासणी कडक केली, तेव्हा त्या चालकांचे अपघात घटले, पण त्या वयाचे पादचारी आणि सायकलस्वार जास्त जखमी होऊ लागले. गाडी सोडलेला माणूस घरी थोडाच बसतो? तो रस्त्यावर येतो, आणि पत्र्याच्या आत जेवढा सुरक्षित होता तेवढा तिथे नसतो.

यामागे साधं गणितही आहे. समजा १,००० चालकांत २० खरोखर धोकादायक आहेत आणि आपली चाचणी ९० टक्के अचूक आहे. ती २० पैकी १८ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९८० चांगल्या चालकांपैकी ९८ जणांनाही नापास करेल. जी गोष्ट विरळ असते ती शोधायला गेलं की निर्दोष माणसं जाळ्यात येतातच.

म्हणून मी पुन्हा डोळ्यांकडे येतो. वय वाढतं तशी बाहुली अंधारातही पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि भिंग पिवळट, गढूळ होत जातं. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश असतो. गढूळ भिंगातून समोरच्या दिव्याचा प्रकाश विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरकं धुकं पसरतं. त्यात काळ्या डांबरावरचा गडद कपड्यातला माणूस हरवून जातो. गंमत नव्हे, पण मी सोसायटीच्या गल्लीत पंचवीस मीटर मोजून बाबांना नंबर प्लेट वाचायला लावली. भर दुपारी त्यांनी ती घडाघडा वाचली! म्हणजे त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे तपासलं असतं तरी उत्तर 'होय'च आलं असतं. फॉर्म विचारतो उजेडातलं, आणि बाबा अडले ते रात्री.

अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात संशोधक सिंथिया औस्ले यांनी वृद्ध चालकांची नजर आणि अपघात यांच्या नात्यावर काम केलं आहे. एका नजरेत माणूस मध्यभागी आणि कडेला एकाच वेळी किती टिपू शकतो, हा आवाका त्यांच्या गटाने मोजला. तो ४० टक्के किंवा जास्त घटलेल्या वृद्ध चालकांना पुढच्या तीन वर्षांत अपघात होण्याची शक्यता २.२ पट निघाली. त्यांच्याच २००२ च्या अभ्यासात मोतीबिंदू काढून घेतलेल्यांचे अपघात न काढलेल्यांच्या जवळपास निम्मे होते. शस्त्रक्रिया कोणी करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे श्रेय थोडं जपून द्यायला हवं. तरी पंधरा-वीस मिनिटांच्या शस्त्रक्रियेपासून एवढा फरक दिसावा, हे मला कुठल्याही मैदानी परीक्षेपेक्षा मोलाचं वाटतं. इथे चालकाच्या हातून गाडी काढून घ्यावी लागत नाही, त्याला नजर परत मिळते.

माझं मागणं एवढंच आहे. चाळिशीपासून दर नूतनीकरणाला नेत्रतज्ज्ञाकडून खरी तपासणी व्हावी, त्यात अंधुक उजेडातली आणि चकाकीतली नजरही मोजावी. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्सआधी चित्रफिती दाखवून चालक येणारा धोका किती लवकर ओळखतो ते पाहतात, ते आपल्या पहिल्या परीक्षेत यावं. आणि पूर्ण परीक्षा पुन्हा द्यायला लावायची ती वय बघून नाही, चलनांची आणि अपघातांची नोंद बघून.

बाबांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, डाव्याची पुढच्या महिन्यात. तोवर दिवेलागणीनंतर गाडीची किल्ली माझ्याकडे असते. ती त्यांनीच आणून दिली.