थीम पार्कचं तिकीट: गड्ड्यापासून तारखेनुसार दरापर्यंत

संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, आकाशपाळण्याचं तिकीट वेगळं, ब्रेक डान्सचं वेगळं, मौत का कुआँचं वेगळं. हातातल्या नोटा मोजत आई सांगते, "आता एकच, मग घरी." खर्च डोळ्यासमोर असतो.

कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालं तेव्हा तिथंही साधारण हीच रीत होती. प्रवेश एक डॉलर, आतल्या राइडचे पैसे निराळे. त्याच वर्षी कुपनांच्या पुस्तिका आल्या. साध्या राइडला 'ए', आणि १९५९पासून सर्वांत भारी राइडला 'ई'. १९६१ मध्ये टेक्सासच्या सिक्स फ्लॅग्जनं दारातच एकदा पैसे घेऊन सगळ्या राइड खुल्या केल्या. डिस्नीलँडनं कुपनं बंद केली ती १९८२ मध्ये. पालकांची दर राइडला होणारी घासाघीस मिटली. पार्कचंही भलं झालं, कारण दिवसभर आत राहिलेलं कुटुंब तिथंच जेवतं आणि तिथंच खेळणी घेतं.

आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आलं, खोपोलीचं इमॅजिका २०१३ मध्ये. हैदराबादेत रामोजी फिल्म सिटी १९९६ची, वंडरला २०१६चं. सोलापूर पुणे-हैदराबाद महामार्गावर असल्यानं दोन्हीकडच्या सहली इथं विकल्या जातात. करानंही दर हलवले: जुलै २०१७ मध्ये अशा पार्कांवर २८ टक्के जीएसटी लागला, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला.

विमान कंपन्यांची तारखेनुसार दर ठरवण्याची पद्धत डिस्नीनं अमेरिकेतल्या आपल्या पार्कांत २०१६ मध्ये आणली. गर्दीच्या दिवशी तिकीट महाग. रांग टाळायची फास्टपास ही सोय १९९९ पासून फुकट होती, तिच्या जागी २०२१ मध्ये पैसे भरून रांग टाळायची सोय आली. मला हीच पायरी सर्वांत खटकते. एका तिकिटानं आत सगळी पोरं सारखी झाली होती, ती पुन्हा दोन रांगांत वाटली गेली.

जाहिरातीत मोठ्या अक्षरात दिसतो तो बहुधा सर्वांत कमी, आडवारचा दर, "अमुक रुपयांपासून". पण सोलापूरचं नोकरदार कुटुंब निघतं दिवाळीत, मे महिन्यात किंवा रविवारी. वर गाडीभाडं, लॉकर, वॉटर पार्कच्या कपड्यांचं भाडं. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणजे कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा गाडीतच राहतो आणि चौघांचं जेवण आतल्या भावानं होतं. मुलांचं तिकीट अनेक पार्कांत वयावर नाही, उंचीवर ठरतं. सातवी-आठवीतल्या उंच पोराला थेट मोठ्यांचा दर लागतो. बुकिंगआधी घरीच उंची मोजावी आणि जायच्या तारखेचा, कर धरून एकूण आकडा लेखी मागावा.

तो मागायला आता आधार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधी कमी दर दाखवून पैसे भरताना रक्कम वाढवणं, "शेवटच्या दोनच जागा" अशी खोटी घाई लावणं, न विचारता यादीत वस्तू घुसवणं या तिन्हींना त्यात मनाई आहे. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर करता येते.