इंदूरहून पेटंटचा अर्ज: शेवेचं मशीन, अ‍ॅप आणि अँटेना, तिघांचं वेगवेगळं

मी पेटंट एजंट नाही हे आधीच सांगतो. पण दोनदा अर्ज केलाय, त्यातला एक माझ्याच आळसाने वाया गेलाय, त्यामुळे सुदामा नगरात कोणाच्या डोक्यात काही नवीन आलं की तो माझ्याकडे येतो. या दिवाळीत तिघं आले. एका काकांनी तळलेल्या शेवेतलं जास्तीचं तेल काढायचं मशीन केलंय, भाच्याने दुकानदारांसाठी स्टॉकचं अ‍ॅप केलंय, आणि शेजारची मुलगी इंजिनियरिंगला आहे तिने पॅच अँटेना (सपाट पत्र्याच्या तुकड्याचा अँटेना) केलाय. तिघांचा प्रश्न एकच, पेटंट मिळेल का आणि कागद काय लागतील. कागद जवळपास सारखेच आहेत हो, पण मिळेल का याचं उत्तर तिघांचं वेगळं, म्हणून सविस्तर लिहितो.

काकांपासून सुरू करू कारण इंदुरात खाण्याचं आधी. काकांना मशीनबरोबर त्यांच्या लवंग शेवेच्या मसाल्याचंही पेटंट हवं होतं. म्हटलं काका, मसाला विसरा. पेटंट कायदा १९७० चा, त्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी आहे, त्यात ३ ई म्हणतं की नुसतं मिश्रण चालणार नाही. चार वस्तू एकत्र केल्यावर त्या चौघींच्या गुणांच्या बेरजेपेक्षा काहीतरी जास्त घडतंय हे आकड्यांनी दाखवावं लागतं, आणि ३ पी म्हणतं की परंपरेतलं ज्ञान कोणाच्या एकट्याच्या नावावर होणार नाही. रतलामी शेवेला टॅग आहे ना, मग आपल्याला का नाही, असं ते म्हणाले. तो जीआय टॅग, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाची नोंदणी, तो त्या भागातल्या सगळ्या बनवणाऱ्यांचा, त्याचा पेटंटशी संबंध नाही. मसाला गुपितच ठेवा, सराफ्याच्या खाऊगल्लीतले अर्धे लोक तेच करतात.

मशीनचं मात्र होऊ शकतं. तेल कमी करायची नवी रचना किंवा नवी पद्धत असेल तर ती मांडता येते. एक जुनी गोष्ट काकांना माहीत नव्हती, २००५ च्या आधी आपल्याकडे खाद्यपदार्थाला स्वतःला पेटंट मिळतच नव्हतं, फक्त बनवायच्या पद्धतीला मिळायचं, १ जानेवारी २००५ पासून पदार्थालाही मिळायला लागलं. पण आधी शोधा हो, शोधा! इंदूर म्हणजे सोयाबीनचं गाव, सोया दुधाचा कच्चट वास घालवायची आयडिया इथे दर दुसऱ्या माणसाला सुचते, आणि गरम पाण्यात दळून तो वास आणणारं एन्झाइम बंद पाडायचं हे जगात कित्येक दशकांपासून माहीत आहे. सरकारच्या इनपास साइटवर आणि गूगल पेटंट्सवर दोन-तीन रात्री बसलात तरी बरंच कळतं, फुकट आहे.

भाच्याचं अवघड. कलम ३ के म्हणतं की कॉम्प्युटर प्रोग्राम नुसता प्रोग्राम म्हणून, अल्गोरिदम, गणिताची पद्धत, धंद्याची पद्धत, यांना पेटंट नाही. त्याचं अ‍ॅप म्हणजे वहीतला स्टॉक मोबाइलवर आणला, ती धंद्याची पद्धत झाली. सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही असंही नाही बरं का, दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये फरीद अल्लानी प्रकरणात सांगितलं की त्यातून काही तांत्रिक परिणाम होत असेल तर फक्त सॉफ्टवेअर आहे म्हणून नाकारू नका. म्हणजे तुमच्या कोडमुळे मशीन कमी मेमरीत चालतंय, सिग्नलमधला गोंगाट कमी होतोय, असं काही हवं. भाच्याला म्हटलं तू कोडचा कॉपीराइट घे आणि नावाचा ट्रेडमार्क, आणि ग्राहक आण. तोंड पाडून गेला.

अँटेनावालीचं प्रकरण सगळ्यात चांगलं होतं आणि सगळ्यात धोक्यातही तेच होतं. अँटेना म्हणजे दिसणारी वस्तू, पॅचचा आकार, त्यातली खाच, खालच्या ग्राउंडला दिलेला काप, सिग्नल आणणारी तार (फीड) कुठे जोडलीय, हे सगळं शब्दात आणि ड्रॉइंगमध्ये मांडता येतं, ३ के मध्ये येत नाही. पण तिचे सर म्हणाले आधी पेपर पाठव, पेटंट नंतर बघू. मी म्हटलं अजिबात नाही! जगासमोर आलं की नवीनपणा गेला. कलम ३१ मध्ये थोडी सवलत आहे, सरकारने जाहीर केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला पेपर असेल तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, पण ती सवलत अरुंद आहे आणि युरोपात तर तिचा काही उपयोग नाही. तेच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ टाकण्याचं, तेच ओळखीच्या दुकानात मशीन चालू करून ठेवण्याचं. काकांनी छप्पन दुकानच्या खाण्याच्या बाजारात मशीन लावायचं ठरवलं होतं, हातापाया पडून थांबवलं.

आता अर्ज. इंदूरचा अर्ज भोपाळला नाही, दिल्लीलाही नाही, मुंबई पेटंट ऑफिसला जातो, मध्य प्रदेश, गुजरात, छत्तीसगड, गोवा सगळं तिकडेच. जावं लागत नाही, ऑनलाइन होतं, क्लास ३ ची डिजिटल सही लागते, सुनावणीही व्हिडिओवर होते. अर्ज कोण करू शकतो तर ज्याने खरोखर शोध लावला तो, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला तो. वयाची, डिग्रीची अट नाही. कॉलेजच्या नावाने करत असाल तर शोधकर्त्याची सही किंवा हक्क दिल्याचा कागद जोडावा लागतो, इथे मुलं गोंधळतात, शोधकर्ता म्हणून नाव असणं आणि मालक असणं या दोन गोष्टी आहेत.

फॉर्म १ म्हणजे अर्ज, फॉर्म २ म्हणजे शोधाचं वर्णन, फॉर्म ३ परदेशात कुठे अर्ज केलाय का त्याचं निवेदन, फॉर्म ५ शोधकर्त्यांची घोषणा, एजंट लावला तर फॉर्म २६. कंपनी स्टार्टअप असेल तर डीपीआयआयटीचं (केंद्राच्या उद्योग खात्याचं) सर्टिफिकेट, लघुउद्योग असेल तर उद्यम रजिस्ट्रेशन, सोबत फॉर्म २८, मग फी कमी लागते. एकट्या माणसाला कमी फी आपोआप, फॉर्म २८ नको. ऑनलाइन अर्जाची फी एकटा माणूस, स्टार्टअप, छोटा उद्योग, शिक्षणसंस्था यांना १६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८०००. तीस पानांच्या वर गेलात किंवा दहापेक्षा जास्त क्लेम (नक्की कशावर हक्क मागताय ती वाक्यं) टाकलेत तर वेगळे पैसे, म्हणून पाल्हाळ नको. गोषवारा १५० शब्दांत. ड्रॉइंग ए४ वर स्वच्छ रेषांचं, भागांना नंबर द्यायचे, चित्रावर वर्णन लिहीत बसायचं नाही. अँटेनावालीने सिम्युलेशनचे रंगीत स्क्रीनशॉट जोडले होते, ते काढायला लावले.

मालवणातली वनस्पती असो की मालव्यातली, भारतातलं जैविक साहित्य वापरलं असेल तर फॉर्म १ मध्येच तसं सांगायचं असतं, आणि पेटंट मिळायच्या आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडचं काम पुरं करावं लागतं. फूडवाले हे हमखास विसरतात.

शोध अर्धाकच्चा असेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाकता येतो, तारीख पक्की होते. आणि इथेच मी बुडालो. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण वर्णन द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. मी बटाट्याच्या चिप्स वाळवायच्या ट्रेचा प्रोव्हिजनल टाकला, मग घरात लग्न निघालं, मग पाऊस, मग आज करू उद्या करू, तेराव्या महिन्यात जाग आली. कोणाला बोलणार.

अर्ज टाकला की तपासणी आपोआप होत नाही, हे लोकांना खरंच माहीत नसतं. फॉर्म १८ देऊन वेगळी मागणी करायची, कमी फीवाल्यांना ४००० रुपये (पुढच्या दोन फीही त्यांच्याच), आणि १५ मार्च २०२४ नंतरच्या अर्जांना त्यासाठी ४८ ऐवजी ३१ महिनेच मिळतात. अर्ज १८ महिन्यांनी पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापला जातो, लवकर हवा तर फॉर्म ९ आणि २५०० रुपये. घाई असेल तर फॉर्म १८ ए, ८००० रुपये, पण तो सगळ्यांना नाही, स्टार्टअप, छोटे उद्योग, सरकारी संस्था आणि जिथे अर्जदारांत निदान एक बाई आहे त्यांना मिळतो. अँटेनावालीने स्वतःच्या नावाने केला तर तिला चालेल. काका लगेच म्हणाले मग काकूचं नाव टाकतो. टाका, पण नुसतं टाकून होत नाही, काकूला हक्काचा वाटा लिहून द्यावा लागेल, आणि मग ती खरंच मालक होईल, विचार करा. काकू आतून हसल्या.

मग परीक्षकाचा पहिला रिपोर्ट येतो, त्यात आक्षेप असतातच, घाबरायचं नाही, उत्तराला ६ महिने, मागणी केली तर अजून ३. माझ्या दुसऱ्या अर्जावर अकरा आक्षेप होते, त्यातले सहा भाषेचेच. क्लेम मात्र एखाद्या जाणकाराकडून लिहून घ्या, पेटंट तुम्ही किती छान सांगितलं त्याला मिळत नाही, क्लेममध्ये जे शब्द आहेत तेवढ्यालाच मिळतं. रजिस्टर्ड एजंटांची यादी सरकारच्या साइटवर आहे, फी आधी ठरवा.

मंजूर झालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, फक्त भारतात. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी फी, एकट्याला सुरुवातीला ८०० आणि शेवटी शेवटी ८०००, चुकली की पेटंट गेलं. परदेशात हवं असेल तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत हलायचं, आणि इथे अर्ज न करता थेट बाहेर करायचा असेल तर आधी परवानगी.

कॉलेजात मिठाई वाटतात तेव्हा बघा, बरेचदा ते फक्त जर्नलमध्ये छापून आलेलं असतं, नाहीतर डिझाइनची नोंदणी असते, ती नुसत्या दिसण्याची. आणि काकांनी मशीनवर लावायला 'पेटंटेड' असं स्टिकर छापायला टाकलं होतं, अर्जही व्हायच्या आधी. खोटं पेटंटेड लिहिलं तर दंड १० लाखांपर्यंत आहे म्हटल्यावर प्रेसला फोन गेला. आता अर्ज झाला की 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' एवढंच छापायचं ठरलंय, तेही मला दाखवून.