सहा जागांच्या कोडची दोन घराणी

कूपनावर ‘के ७ क्यू ४ झेड २’ असा कोड असतो. जागा सहा; प्रत्येक जागी २६ रोमन अक्षरे आणि १० अंक यांपैकी काहीही. एकूण शक्यता ३६ चा सहावा घात, म्हणजे २,१७,६७,८२,३३६. शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ नको म्हणून ही चार चिन्हे गाळली तरी १०७ कोटींवर कोड उरतात.

मोजण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंचा प्रस्तार, म्हणजे त्यांच्या सगळ्या रचनांची मांडणी, आहे. प्रत्येक जागी दोनच पर्याय, म्हणून सहा अक्षरांच्या चरणाचे ६४ प्रकार. दोनाच्या जागी छत्तीस घातले की झाला आपला कोड. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’च्या (इ.स. ११५०) शेवटी अंकपाश हा भाग घातला. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू अदलून बदलून दिल्या तर मूर्ती किती? ३६,२८,८००. एका हातात दिलेली वस्तू त्याच मूर्तीच्या दुसऱ्या हातात पुन्हा येत नाही, म्हणून इथे गुणक दर जागेला एकाने उतरतो. गर्विष्ठ गणिती पोरे या पाशात हमखास पडतात, असा टोलाही आचार्यांनी हाणला आहे.

‘किती’ सुटले. ‘त्यांतला कोणता’, तोही कुणाला आधी ओळखता येणार नाही असा, हे घराणे मात्र विसाव्या शतकातले. १९२७ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी जनगणनेच्या अहवालांतून ४१,६०० अंक उचलून अशा बिनक्रमाच्या अंकांचा तक्ता छापला. १९५५ मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने अशा दहा लाख अंकांचे पुस्तकच काढले. १९५७ पासून ब्रिटनमधल्या प्रीमियम बाँड या सरकारी बचत रोख्यांची सोडत ‘अर्नी’ हे यंत्र निऑन नळ्यांतल्या विद्युत खरखरीवरून काढू लागले. संगणकाने सोपी वाट धरली: एक बीज, म्हणजे सुरुवातीचा आकडा, घ्यायचे आणि सूत्राने पुढचे आकडे काढत जायचे. संगणकाच्या आद्य शिल्पकारांपैकी एक, गणिती फॉन नॉयमन यांनी याला पाप म्हटले; अर्थात, ते स्वतःही करतच होते!

१९९५ मध्ये ते अंगाशी आले. नेटस्केप ब्राउझर माहिती कुलूपबंद करायला वापरत असे त्या गुप्त किल्ल्या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ओळखून दाखवल्या. किल्लीच्या शक्यता अफाट होत्या, पण बीज घेतले होते घड्याळाची वेळ आणि प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रॅमला संगणक देतो तो क्रमांक) यांवरून. त्यांनी किल्लीला हातच लावला नाही, बीजाचा अंदाज बांधला.

बीज चोख असले तरी टक्कर, म्हणजे तोच कोड दोनदा निघणे, टळत नाही, ती वेगळीच. २१७ कोटींतून डोळे मिटून कोड उचलत गेलो तर ५५ हजारांच्या आसपासच कुठलेतरी दोन सारखे निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. म्हणून नवा कोड देण्याआधी जुन्या यादीत तो आहे का, हे पाहावेच लागते.