उपयोजित वर्तन विश्लेषण : विज्ञान आणि छद्मविज्ञान

वर्तनाचे नियम वापरून एखादी सवय वाढवणे, घटवणे किंवा नवे कौशल्य शिकवणे म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण (अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस, ‘एबीए’). स्वमग्न मुलांच्या प्रशिक्षणात ते विशेष वापरले जाते. छद्मविज्ञानाचा शिरकावही तिथेच फार, कारण मूल बोलत नसेल तर पालक काहीही करून पाहायला तयार होतात.

डोनाल्ड बेअर, माँट्रोझ वुल्फ आणि टॉड रिस्ली यांनी १९६८ साली या शाखेची सात लक्षणे मांडली. त्यांतले कळीचे हे, की बदल उपायामुळेच झाला हे दाखवता आले पाहिजे. मूल तासाला किती वेळा डोके आपटते, हे आधी उपायाविना मोजतात. मग उपाय सुरू करतात, थांबवतात, पुन्हा सुरू करतात. दोन निरीक्षक एकमेकांना न विचारता नोंद ठेवतात. आलेख उपायाबरोबर वरखाली झाला तरच श्रेय उपायाचे. शिकलेले कौशल्य मात्र उपाय थांबला म्हणून पुसले जात नाही. तिथे वेगवेगळ्या वर्तनांवर वेगवेगळ्या वेळी उपाय सुरू करून पाहतात.

फसगतीचा सर्वांत बोलका दाखला ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’चा. ऑस्ट्रेलियात रोझमेरी क्रॉसली यांनी रूढ केलेली ही पद्धत डग्लस बिकलेन यांनी अमेरिकेत नेली. साहाय्यक मुलाचा हात धरतो आणि मूल अक्षरे दाबते. एक शब्दही न बोलणारी मुले लांब वाक्ये लिहू लागली. १९९३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या एका केंद्रात १२ जणांची चाचणी झाली. साहाय्यक आणि व्यक्ती दोघांना चित्रे दाखवली, पण एकाचे चित्र दुसऱ्याला दिसू दिले नाही. चित्रे वेगळी असली की व्यक्तीने पाहिलेल्या चित्राचे नाव एकदाही आले नाही. काही वेळा साहाय्यकाने पाहिलेले मात्र उमटले. यात लबाडी होतीच असे नाही. बहुतेक साहाय्यकांना आपलाच हात चालतोय याचा पत्ताही नव्हता. पण अशाच टंकलेखनातून कुटुंबीयांवर लैंगिक अत्याचाराचे निराधार आरोपही झाले. १९९४ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने या पद्धतीला वैज्ञानिक आधार नसल्याचे जाहीर केले.

हात धरून शिकवणे वर्तन विश्लेषणातही असते, हे विसरू नये. फरक असा, की तिथे तो आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतात आणि मूल एकट्याने करते का ते पाहतात.

‘एबीए’ अशी पाटी लावल्याने मात्र काम शास्त्रीय होत नाही. इव्हार लोवास यांच्या १९८७च्या अभ्यासात सघन प्रशिक्षण मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ जणांचा बुद्ध्यांक सामान्य पातळीवर आला आणि ती सर्वसाधारण शाळेत पहिली इयत्ता उत्तीर्ण झाली. ‘निम्मी मुले बरी होतात’ हा दावा इथूनच फुटला. कोणते मूल सघन प्रशिक्षणाच्या गटात आणि कोणते तुलनेच्या गटात, हे यादृच्छिकपणे (चिठ्ठ्या टाकल्यासारखे) ठरवले नव्हते, हे तो दावा करताना सहसा कोणी सांगत नाही.

मोजणी चोख असली तरी ते वर्तन बदलायलाच हवे होते का, हा प्रश्न उरतो. वुल्फ यांनी १९७८ साली तो ‘सामाजिक वैधता’ म्हणून मांडला. जबरदस्तीने नजरेला नजर द्यायला लावल्याबद्दल स्वमग्न प्रौढ आज जी तक्रार करतात, ती याच प्रश्नाची आहे.